बेवारस जाहिराती आमच्या पानावर नकोत: विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ आणि संपादक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आठ जिल्ह्यांच्या शेती-पाऊस-बाजारभावाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षी एका मोठ्या जाहिरात कंपनीच्या जाहिराती सुरू झाल्या. 'खर्च वाढलाय, थोडं सोसा' असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही सोसलं. आता तुम्ही त्याच्या पुढं गेलात. ज्याच्या फोनमध्ये जाहिराती रोखायची सोय आहे त्याला बाजारभावाचं पान दिसत नाही, पावसाचं दिसत नाही, रोग-किडीचंही दिसत नाही. आधी एक पडदा येतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'तुम्ही जाहिराती रोखत आहात. दुसऱ्याच्या कष्टावर फुकट वाचू नका.'

हे ज्यांना उद्देशून लिहिलंय त्यांच्यात मी आहे. मी दरवर्षी वर्गणी भरते. पावसाळ्यात सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघते आणि आमच्या गावचा पाऊस तुम्हाला कळवते. आमचे यजमान आडतीवर गेले की तिथून सोयाबीन-तुरीचा भाव पाठवतात. आमच्यासारखी शेकडो घरं हेच करतात, आणि त्यावरच तुमचं पान भरतं. संपादकांना मी आधी साधं पत्र लिहिलं होतं. 'धोरणात्मक निर्णय आहे, सहकार्य करावं' एवढंच उत्तर आलं. म्हणून आता चारचौघांत लिहिते. संकेतस्थळ चारचौघांचंच आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. टँकर कुठल्या गावाला कधी येणार, कुणाची विहीर अधिग्रहित झाली, चारा छावणी कुठं उघडली, याचा धड पत्ता कुणालाच नव्हता. काही तरुणांनी ती माहिती एका जागी लिहायला घेतली. पाऊस पडला तशी त्यात पेरणीची माहिती आली, मग बाजारभाव, मग पानांवरच्या रोगांचे फोटो, पीकविम्याच्या तारखा. लिहिणारे कोण होते? कृषी सहायक, जिल्हा परिषदेचे गुरुजी, आडतीवरचे मुनीम, शेळ्या राखणाऱ्या बाया, पुण्याला नोकरीला गेलेली आपलीच पोरं. कुणी मानधन मागितलं नाही. सर्व्हरचं भाडं वर्गणीतून गेलं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून वाहत होत्या, जायकवाडीतून गोदावरीत पाणी सुटत होतं, तेव्हा कुठला पूल पाण्याखाली गेलाय आणि दूध कुठल्या रस्त्यानं निघेल हे लोक रात्र-रात्र जागून लिहीत होते. स्वतःच्या वावरातली माती वाहून गेलेली माणसंही लिहीत होती. त्या रात्री कुणी फुकट वाचलं नाही आणि कुणी फुकट लिहिलंही नाही.

आता गाऱ्हाणी सांगते. पहिलं सगळ्यात जड आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिणार आहे.

आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना अक्षर लागतं, फोन वापरता येतो, आणि तुमच्या संकेतस्थळावर त्यांचा भरवसा आहे. गेल्या खरिपात आमच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसला. पान पिवळं-हिरवं चितकबरं पडत गेलं. या रोगावर तुमच्याकडे एक फार चांगलं पान आहे. एका कृषी सहायकानं लिहिलेलं. त्यात स्वच्छ सांगितलंय की हा विषाणू आहे, तो पांढरी माशी पसरवते, आणि झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध नाही. रोगट झाडं दिसली की उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा. शेतकऱ्याला याहून वेगळं काही सांगणारा माणूस त्याला फसवतोय, असं त्या पानावरून कळायला हवं.

आणि त्याच पानावर, 'रोगट झाडं उपटा' या ओळीच्या बरोबर खाली, हिरवं बटण आलं: 'मोझॅकवर खात्रीचा उपाय, मोफत सल्ल्यासाठी येथे दाबा.' हिरवा रंग तुमच्या पानाचा, अक्षरांचं वळण तुमच्या अक्षरांसारखं. 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात फिकट राखाडी, इतका बारीक की मला चष्मा लावूनही फोन जवळ धरावा लागला. अण्णांनी दाबलं. नाव, गाव, नंबर भरला. थोड्याच वेळात एका गोड बोलणाऱ्या पोराचा फोन आला, 'अण्णा, तुम्ही आमच्या पानावर माहिती भरली ना, त्याच संदर्भात बोलतोय.' आमच्या पानावर! मग कुरिअरनं बाटल्या आल्या, पैसे दारात मोजून घेतले गेले. बाटलीवर झाडाचं चित्र होतं, 'शंभर टक्के जैविक' असं मोठ्या अक्षरात होतं. नोंदणी क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता, कारखान्याचा पत्ता नव्हता. फवारणी झाली. मोझॅक जसा पसरायचा तसा पसरला. त्या पोराचा फोन नंतर लागलाच नाही.

मला इथं नुकसानाची रक्कम सांगायची नाही. गावातल्या कृषी सेवा केंद्रानं तीच बाटली विकली असती तर काय झालं असतं ते सांगते. कीटकनाशक म्हणून विकली असती तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी लागते आणि दुकानाला परवाना लागतो. 'टॉनिक' म्हणून विकली असती तर २०२१ साली जैव उत्तेजकंसुद्धा खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत. आम्ही पावती घेऊन पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे गेलो असतो. दुकानदार रोज समोर दिसतो, त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. तुमच्या पानावर आलेल्या विक्रेत्याला यातलं काहीच लागू झालं नाही. आम्ही तुम्हाला विचारलं, ही जाहिरात कुणाची? तुमचं उत्तर मी शब्दशः देते: 'जाहिराती आम्ही निवडत नाही, यंत्रणा निवडते.'

विश्वस्तहो, माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. तुमच्या पानावर काय छापलं जातं हे तुम्हालाच ठाऊक नाही, आणि ते बघायला नकार देणाऱ्या वाचकाला मात्र तुम्ही दारातून परत पाठवता.

ही यंत्रणा कशी चालते ते मी समजून घेतलं. वाचकांनीही घ्यावं. इंटरनेटवरची पहिली चित्र-जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये लागली असं मानलं जातं. ती वर्तमानपत्रातल्यासारखीच होती: जागा एकानं विकत घेतली, सगळ्यांना तेच चित्र दिसलं. आज तसं नाही. मी माझ्या फोनवर पान उघडायला लागले की माझी माहिती, म्हणजे कुठला फोन आहे, कुठल्या भागातून आहे, आधी काय काय बघितलंय, हे बाहेर जातं. तिथं जाहिरातदारांची यंत्रं माझ्यासाठी बोली लावतात. ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात माझ्यासमोर येते. हा सगळा लिलाव सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतो. सोयाबीनचा रोग शोधणारा, घाबरलेला माणूस तिथं चांगल्या भावाला जातो. म्हणून तर खोटं औषध विकणारा नेमका त्याच ओळीखाली येऊन बसला.

लातूरच्या आडत बाजारात सौदा निघतो तेव्हा रास समोर असते, शेतकरी राशीजवळ उभा असतो, बोली त्याच्या कानावर पडते. शेवटी हातात हिशोबपट्टी येते: वजन इतकं, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी. आडत्यावर आमचा कितीही राग असो, पट्टीवर कुणी किती कापलं ते लिहिलेलं असतं. तुमच्या पानावरच्या सौद्यात माल आम्ही आहोत. बोली आम्हाला ऐकू येत नाही, घेणारा दिसत नाही, आणि पट्टी तुम्हालाही मिळत नाही.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी गूगल. तिच्याविरुद्ध अमेरिकेत व्हर्जिनियाच्या फेडरल न्यायालयात खटला चालला आणि १७ एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला, की प्रकाशकांसाठीचे जाहिरात-सर्व्हर, म्हणजे पानावर कुठली जाहिरात लावायची ते ठरवणारी यंत्रणा, आणि जाहिरातींचे लिलाव या दोन्ही बाजारांत कंपनीनं बेकायदा मक्तेदारी केली. लिलावाच्या व्यवहारात कंपनी कापत असलेले २० टक्के हा त्या खटल्यातला मोठा मुद्दा होता. आपल्याकडे बातम्यांच्या संकेतस्थळांच्या संघटनेनं तक्रार केली आणि भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ज्यांच्या दारात वकिलांची फौज आहे अशा वर्तमानपत्रांना हा हिशोब सोडवता आला नाही. मार्च २०१६ मध्ये तर न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीच्या पानांवर जाहिरातीच्या वाटेनं घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं. त्यांना कळलं नाही तिथं आपल्या दोन पगारी माणसांच्या कार्यालयाला काय कळणार? तुम्ही वाईट माणसं आहात असं मी म्हणत नाही. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीला तुम्ही तुमचं नाव दिलंय, हे माझं म्हणणं आहे.

आणखी एक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारांची यादी जाहीर केली. मजकुराचं सोंग घेतलेली जाहिरात त्या यादीत आहे. ग्राहकाला लाज वाटेल अशा भाषेत बोलून हवं ते करून घेणं, हाही प्रकार त्याच यादीत आहे. तुमच्या पडद्यावरचं 'फुकट वाचू नका' हे वाक्य त्या यादीशेजारी ठेवून एकदा वाचा.

दुसरं गाऱ्हाणं लेकरांचं. खेड्यात फोन एकाच्या मालकीचा नसतो. सकाळी तो बापाकडे असतो, दुपारी आईकडे, संध्याकाळी अभ्यासाला पोरांकडे. तुमच्या शिष्यवृत्तीच्या सरावाच्या पानावर मी पत्त्यांच्या खेळाची जाहिरात बघितली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आणली. त्यानंतरही तसलीच एक जाहिरात नाव बदलून आली, आणि ती पाचवीच्या गणिताशेजारी आली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमलबजावणीला मुदत दिलेली आहे. मुदत संपेपर्यंत आपण वाट बघायची का, हा प्रश्न मी संपादक मंडळातल्या दोन्ही शिक्षकांना विचारते.

कर्जाच्या ॲपचंही तेच. 'आधार दाखवा, पाच मिनिटांत पैसे' ही जाहिरात तुमच्या पीकविम्याच्या पानावर होती. आमच्या बचत गटातल्या एका ताईनं त्यातून पैसे उचलले. हप्ता चुकला तशी तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर तिच्याबद्दल घाण मजकूर गेला. माहेरी गेला, सोयरीक जुळत होती त्या घरीही गेला. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची सप्टेंबर २०२२ पासूनची नियमावली आहे, पण ती ताईला कोण सांगणार होतं? त्या जाहिरातीशेजारी तुमचं नाव होतं म्हणून तिला ते सरकारी योजनेसारखं वाटलं.

त्या प्रकारानंतर मी गटातल्या बायांच्या फोनवर जाहिराती रोखायची सोय करून द्यायला लागले. फोनवरच्या क्रोममध्ये असं साधन बसत नाही, म्हणून फायरफॉक्स हे दुसरं ब्राउझर घ्यायचं, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं साधन घालायचं. बैठक संपली की चहा होईपर्यंत एक-दोन फोन होतात. बाया म्हणतात, 'ताई, आता पान कसं निवांत उघडतंय.' तुमचा पडदा आज या बायांच्या तोंडावर पडलाय. त्यांच्यातल्या काही जणी तुम्हाला दुधाचे भाव कळवतात.

पानाच्या वजनाचं थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येकाला अनुभवानं माहीत आहे. पावसात वीज गेली की टॉवर ढेपाळतो, रेंज एका काडीवर येते. अशा वेळी आधी जाहिरात उतरते आणि भावाचा तक्ता मागून येतो. तूर बघायला बोट टेकवावं, तेवढ्यात वरून नवी जाहिरात येते, तक्ता खाली सरकतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. ऊसतोडीला गेलेली बीड-धाराशिवची कुटुंबं फडातून तुमचं पान उघडून गावाकडचं पाणी-पाऊस बघतात. रोजच्या डेटाच्या मापात त्यांचं सगळं असतं. त्यांच्या पैशानं विकत घेतलेला डेटा ही जाहिरात खाते. फोनच्या पडद्यावरच्या मजकुरात जाहिराती ३० टक्क्यांहून जास्त असू नयेत, हा नियम जाहिरातवाल्या कंपन्यांच्याच मंडळानं २०१७ मध्ये केलेला आहे. तुमच्या भावाच्या पानावर तो पाळला जात नाही.

आता 'फुकट' या आरोपाकडे येते. जाहिराती रोखणारं साधन तुमच्या सर्व्हरवरच्या पानाला हात लावत नाही. वाचकाच्या फोननं कुठल्या पत्त्यावरून काय मागवायचं नाही, त्याच्या याद्या त्यात असतात. सगळ्यात जास्त वापरली जाणारी यादी २००५ पासून स्वयंसेवक सांभाळत आले आहेत, आपल्यासारखेच. माझ्या फोननं काय मागवावं हे मी ठरवणार. जर्मनीत एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनं अशा साधनावर दावा लावला होता. १९ एप्रिल २०१८ रोजी तिथल्या संघीय न्यायालयानं अनुचित स्पर्धेच्या त्या दाव्यात ते साधन कायदेशीर ठरवलं. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय पोलीस तपास यंत्रणेनं डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना सल्ला दिला, की खऱ्या कंपन्यांचं सोंग घेऊन ठग जाहिराती लावतात, तेव्हा इंटरनेटवर शोध घेताना जाहिराती रोखणारं साधन वापरा. पोलिसांनी जे वापरायला सांगितलं ते वापरणाऱ्या बाईला तुम्ही फुकटी म्हणता.

यूब्लॉक ओरिजिन बनवणारे रेमंड हिल त्यासाठी देणगीसुद्धा घेत नाहीत, हेही इथं सांगायला हवं.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं समजू नका. ही साधनं सगळीच धुतल्या तांदळासारखी नाहीत. ॲडब्लॉक प्लस या अशाच एका साधनानं २०११ पासून 'चालतील अशा' जाहिरातींना वाट ठेवली आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेतले. तुमचा खर्चही मला कळतो. पावसाळ्यात वाचक वाढतात तसं सर्व्हरचं भाडं वाढतं, दोन माणसांचा पगार आहे, आलेला मजकूर तपासायला वेळ लागतो. वर्गणी न भरणारे वाचक भरपूर आहेत, आणि त्यांनी ती भरायला हवी असं माझंही मत आहे. त्यांना ते बजावून सांगा, मीही सांगेन. मराठी विकिपीडिया २००३ पासून जाहिरातीशिवाय चाललाय. त्याच्यामागं जगभरचे देणगीदार आहेत, आपल्यामागं आठ जिल्हे आहेत, हा फरक मी विसरत नाही. जाहिरात अजिबात नको असं म्हणून तुम्हाला कोंडीत पकडायचा माझा हेतू नाही. जाहिरातीला धनी असावा, एवढं माझं म्हणणं आहे.

आणि असे धनी आपल्या आठ जिल्ह्यांत आहेत. रोपवाटिका आहेत, अवजारांची दुकानं आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, लातूरचे शिकवणी वर्ग आहेत, मंगल कार्यालयं आहेत. यातले निम्मे अजून भिंती रंगवतात आणि रिक्षाला भोंगा लावून फिरवतात. तुमच्या परभणीच्या पानावर परभणीच्या रोपवाटिकेची पाटी लागली, सगळ्यांना तीच दिसली, तिच्यासाठी कुणाची माहिती बाहेर गेली नाही, तर त्यात वाईट काय? आणि ती तुमच्याच सर्व्हरवरचं साधं चित्र असेल तर या याद्या बहुधा तिला अडवणारही नाहीत. मी आमच्या भागातल्या एका रोपवाटिकेशी आणि एका शेतकरी कंपनीशी बोलले आहे. दोघांनीही 'दर सांगा' असं विचारलं. तो सांगायला तुमच्याकडे दरपत्रक नाही.

वर्षाला जास्त पैसे भरणाऱ्यांना जाहिरातमुक्त पान, अशी तुमची नवी योजना आहे. तिला माझा विरोध आहे. जिच्याकडे जास्त पैसे आहेत ती खोट्या औषधापासून वाचणार आणि शेळ्या राखून पाऊस कळवणारी वाचणार नाही, असं पान मला नको. मला ते परवडतं, तरी मी घेणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पडदा आणि त्यावरचं वाक्य आजच काढा. यासाठी बैठकीची गरज नाही.

रोग-कीड, फवारणी, पीकविमा, हवामान आणि शाळेची पानं यांवरून त्या कंपनीच्या जाहिराती आठ दिवसांत उतरवा. बाकीच्या पानांवरून करार संपेल तेव्हा उतरवा, आणि करार कधी संपतो ते जाहीर करा.

वर्षभरात जाहिरातींतून किती आले, सर्व्हरला किती गेले, पगाराला किती, हे एका पानावर मांडा. आकडा लहान असेल तर आम्हीही विचारू की एवढ्यासाठी हे सगळं का केलं. मोठा असेल तर तो वर्गणीतून कसा भरून काढायचा ते ठरवू.

यापुढची प्रत्येक जाहिरात विश्वस्तांपैकी एकानं डोळ्यांखालून घालून मंजूर करावी. तिच्यावर जाहिरातदाराचं नाव, गाव, फोन असावा. औषध-खत असेल तर नोंदणी आणि परवाना क्रमांक असावा. 'जाहिरात' हा शब्द मजकुराच्याच आकारात असावा. कर्जाचं ॲप, पैशांचा खेळ, 'खात्रीचा उपाय' यांना कितीही पैसे देऊ केले तरी जागा नसावी.

ज्यांची तुमच्या पानावरून फसवणूक झाली त्यांच्यासाठी तक्रारीची सोय करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर फसवणुकीची १९३० हे दोन्ही नंबर प्रत्येक पानाच्या तळाशी ठळक द्या. कुठल्या तारखेला कुठल्या पानावर कुठली जाहिरात होती याची नोंद जाहिरात कंपनीकडून मागून घ्या. अण्णांच्या तक्रारीला ती लागणार आहे.

वर्गणी सोपी करा. आज वर्षाची रक्कम एकदम मागता आणि ती भरायला बँकेचा तपशील टाइप करायला लावता. यूपीआय २०१६ पासून आहे, दर महिन्याला आपोआप रक्कम जाण्याची सोय २०२० पासून आहे, आणि व्यापाऱ्याला यूपीआयवर पडणारं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. महिन्याला दहा रुपये देणारी बाई आमच्या गटात आहे. तिचे दहा रुपये घ्यायला तुमच्याकडे आज वाट नाही. रास झाल्यावर एकदम देणारे शेतकरी आहेत, त्यांना दिवाळीच्या सुमारास आठवण करा, जूनमध्ये नको. जूनमध्ये बी-भरणाला पैसा लागतो.

आणि विश्वस्त मंडळावर दोन जागा माहिती पाठवणाऱ्यांसाठी ठेवा, त्यांनी आपसात निवडलेल्या. जाहिरातींचा निर्णय झाला त्या बैठकीत भाव, पाऊस किंवा रोगाचे फोटो पाठवणारा एकही माणूस नव्हता, हे तुमच्याच इतिवृत्तातून दिसतं.

या मागण्या मान्य होईपर्यंत मी पाऊस कळवणं थांबवणार नाही. थांबवा असं मला काही जणांनी सुचवलं. पण तो आकडा बघून शेजारच्या गावचा माणूस वापसा, म्हणजे रान कामाजोगं कधी होईल ते, ठरवतो, त्याचा यात काही दोष नाही. वर्गणीही भरेन. मात्र फोनमधलं साधन काढणार नाही, आणि गटातल्या कुठल्याही बाईला काढायला सांगणार नाही.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. सभा लातूरच्या कार्यालयात ठेवता तशीच ऑनलाइनही ठेवा आणि संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे कारखान्यावर गेलेल्यांनाही खोपीवर बसून बोलता येईल. या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. ते संकेतस्थळावर द्या, पहिल्या पानावर, पडद्याशिवाय.

आपली,
एक वर्गणीदार आणि पाऊस कळवणारी,
ता. रेणापूर, जि. लातूर